स्लो कुकरमधलं मॅक अँड चीज का बिघडतं? या चुका टाळा

स्लो कुकर म्हटलं की सकाळी सगळं भांड्यात घालायचं आणि संध्याकाळी आयतं जेवायला बसायचं, अशी सवय हाताला लागलेली असते. मॅक अँड चीजची, म्हणजे चीजच्या सॉसमधल्या मॅकरोनीची, पहिली आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. अमेरिकी संशोधक अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये ज्या यंत्राचं पेटंट मिळालं आणि १९७१ मध्ये जे ‘क्रॉक-पॉट’ या नावाने बाजारात आलं, ते मुळात बीन्स शिजवण्यासाठी बनवलेलं. बीन्सना तास न् तास लागतात. मॅकरोनी उकळत्या पाण्यात आठ-दहा मिनिटांत शिजते. तिला दिवसभर ठेवलं तर काय उरणार?

मी पहिल्यांदा हा पदार्थ केला तेव्हा भांडं ‘लो’वर, म्हणजे मंद आचेवर, साडेपाच तास ठेवलं होतं. झाकण काढलं तर चमचा आत सरळ उभा राहिला. कडेला दोन बोटं रुंद, तपकिरी, चामड्यासारखी पट्टी. मधल्या भागात नळ्यांचा आकारच गेलेला, नुसता लगदा. आणि वर पिवळ्या तेलाचा तवंग. एकाच भांड्यात तीन बिघाड होते आणि तिन्हींची कारणं वेगवेगळी होती. ती एकेक करून समजून घेतली तेव्हाच पदार्थ जमायला लागला.

लगदा होतो तो वेळेमुळे, आणि गार दुधामुळेही

‘लो’वर आहे म्हणजे हळुवार शिजतंय, हा समज आधी सोडून द्या. बहुतेक स्लो कुकरमध्ये ‘लो’ आणि ‘हाय’ दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालच्या, जवळपास सारख्याच तापमानाला पोचतात. फरक असतो तो तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळेत. कच्ची मॅकरोनी गरम दुधात घातली तर ‘लो’वर दीड ते दोन तास पुरतात. प्रत्येक कुकरची आच वेगळी असते, म्हणून पहिल्या खेपेला एका तासानेच एक नळी काढून चावून बघा. दाताखाली मध्यभागी किंचित कणी लागली पाहिजे. तेव्हाच कुकर बंद करा, कारण जाड सिरॅमिकचं भांडं बराच वेळ उष्णता धरून ठेवतं आणि उरलेलं शिजणं त्यातच होतं.

दूध गरम करूनच का घालायचं? पास्त्यातला स्टार्च साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे फुगून घट्ट होऊ लागतो. गार दुधातून तिथवर पोचायला स्लो कुकर फार वेळ घेतो. तेवढ्या वेळात नळ्यांचा बाहेरचा थर भिजून सुटतो, दुधात खळीसारखा चिकटपणा येतो आणि आतला भाग मात्र कच्चाच राहतो. दूध दुसऱ्या पातेल्यात वाफ येईपर्यंत तापवून घेतलं, की हा सगळा प्रकार टळतो. पाच मिनिटांचंच काम आहे, पण मी ते कधीच चुकवत नाही.

मॅकरोनी घेताना पाकीट उलटून वाचा. ड्युरम गव्हाच्या रव्याची मॅकरोनी आकार धरून राहते. साध्या गव्हाच्या पिठाची असेल तर स्लो कुकरमध्ये ती टिकत नाही, मग वेळ कितीही सांभाळा. पूर्ण उकडलेली मॅकरोनी घालणं हीसुद्धा चूकच, तिला आणखी शिजायला जागाच नसते. आधी उकडायचीच असेल तर पाकिटावर दिलेल्या वेळेच्या निम्मा वेळ उकडा आणि कुकरमध्ये तासाभराच्या आतच बघायला लागा.

माप असं धरा: २५० ग्रॅम कच्च्या मॅकरोनीला ५५० मिली द्रव आणि २५० ग्रॅम चीज. अर्धवट उकडलेली असेल तर द्रव दीडशे मिलीने कमी.

चीज फुटतं, रवाळ होतं

हा भाग नीट समजून घ्या, कारण लगदा झालेला पदार्थ निदान चवीला बरा लागतो, रवाळ सॉस मात्र घशाखाली उतरत नाही.

चीज म्हणजे प्रथिनांची जाळी. ती कॅल्शियमने बांधलेली असते आणि तिच्यात फॅट आणि पाणी अडकलेलं असतं. बेताच्या उष्णतेने ही जाळी सैल होते आणि चीज वितळतं. उष्णता जास्त झाली किंवा फार वेळ मिळाली, की प्रथिनं पुन्हा एकमेकांना घट्ट धरतात आणि आतलं पाणी, फॅट बाहेर पिळून काढतात. वर तेल तरंगतं आणि खाली बारीक कण उरतात. म्हणून चीज सुरुवातीला घालायचंच नाही. मॅकरोनी शिजली, कुकर बंद केला, दोन-तीन मिनिटं थांबलात, की मग मूठमूठ चीज घालत ढवळा. पहिली मूठ पूर्ण विरघळली की दुसरी. चीज फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून ठेवा.

पाकिटातलं किसलेलं चीज वापरू नका. त्याचे धागे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्याला बटाट्याचा स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, आणि तेच सॉसमध्ये पिठूळ लागतं. चीजचा ठोकळा आणून घरी बारीक किसा.

चव तीव्र हवी म्हणून नुसतं जुनं, मुरवलेलं चेडर घेणारे बरेच जण असतात. मुरताना चीजमधली प्रथिनं तुटत जातात. चव वाढते, पण वितळताना ते तेल लवकर सोडतं. कोवळं चेडर किंवा गौडा दोन भाग आणि मुरलेलं चेडर एक भाग, हे प्रमाण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. मोझरेला जास्त घातलं तर सॉस न होता तारा सुटतात.

दुधाबद्दल. साय काढलेलं दूध उष्णतेत लवकर फुटतं, तेव्हा पूर्ण फॅटचंच घ्या. त्यातलं निम्मं इव्हॅपोरेटेड मिल्क असेल तर उत्तम. त्यातलं साधारण ६० टक्के पाणी आटवलेलं असतं, प्रथिनं दाट असतात आणि ते फुटत नाही. मात्र डबा उचलताना नाव वाचा. कंडेन्स्ड मिल्क वेगळं, त्यात साखर असते.

प्रोसेस्ड चीजला नाक मुरडणाऱ्यांना एकच सांगेन: त्यातले क्षार कॅल्शियमची पकड सैल करतात, म्हणून ते फुटत नाही. दोन-तीन स्लाइस घातल्या की बाकीचं चीजही सांभाळलं जातं. सोडियम सायट्रेट हा तसाच एक क्षार मिळत असेल तर २५० ग्रॅम चीजला साधारण ५ ग्रॅम, आधी दुधात विरघळवून घाला. काम तेच.

कडा करपतात, वर पाणी साचतं

बऱ्याच स्लो कुकरमध्ये तापणारी तार भांड्याच्या तळापेक्षा बाजूंना गुंडाळलेली असते. त्यामुळे आधी करपतात त्या कडाच. मोठ्या भांड्यात थोडासा पदार्थ केला तर तो पातळ पसरतो आणि आणखी लवकर लागतो. भांडं निम्मं ते दोन तृतीयांश भरेल एवढंच माप घ्या. आतून, विशेषतः कडेला, लोणी फासा आणि ४५ मिनिटांनी एकदाच रबरी स्पॅच्युलाने कडा खरवडून सगळं खालीवर करा. त्यापलीकडे, नळी चावून बघण्याखेरीज, विनाकारण झाकण उघडू नका. दरवेळी वाफ जाते आणि शिजण्याची वेळ लांबते.

शेवटच्या अर्ध्या तासात झाकणाखाली स्वच्छ, कोरडा कपडा ताणून धरला तर वाफेचं पाणी त्यात शोषलं जातं. कपड्याची टोकं झाकणावर दुमडून घ्या, तापलेल्या कुकरला लागू देऊ नका.

मीठ सगळ्यात शेवटी, चीज मिसळून चाखल्यावर.

आणि टायमर लावून कुकर उशिरा सुरू होईल अशी सोय दुधाच्या पदार्थाला वापरू नका. दूध ४ ते ६० अंशांच्या मधे तासन् तास राहिलं तर जंतू झपाट्याने वाढतात.

बिघडलंच तर

घट्ट गोळा झाला असेल तर गरम दूध दोन-दोन चमचे घालत ढवळा. गार दूध घालू नका, चीज आकसतं. पातळ वाटलं तर घाई करून आणखी चीज टाकू नका. झाकण काढून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं की सॉस आपोआप आळतो. तेल सुटायला नुकती सुरुवात झाली असेल तर कुकर लगेच बंद करा, चार चमचे गरम इव्हॅपोरेटेड मिल्क आणि एक प्रोसेस्ड स्लाइस घालून जोरात घोटा. बहुतेक वेळा सॉस परत जुळून येतो. पूर्ण रवाळ झालेला मात्र जुळत नाही.

लगदा झालेली मॅकरोनी पुन्हा नळ्यांच्या आकारात येणार नाही. ती ट्रेमध्ये पातळ पसरा, वर लोण्यात घोळलेला ब्रेडचा चुरा घाला आणि कडक ओव्हनमध्ये वरचा थर सोनेरी होईपर्यंत भाजा. कुरकुरीत थराखाली मऊपणा खपून जातो.

‘वॉर्म’वर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नका, आणि मधे एकदा चमचाभर गरम दूध घालून हलवा. उरलेलं दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ते घट्ट झालेलं असतं, कारण गार झाल्यावर स्टार्च कडक होतो. गरम करताना वाटीभर पदार्थाला एक चमचा दूध घाला आणि मायक्रोवेव्ह मध्यम शक्तीवर लावून मधेमधे ढवळा. स्लो कुकरमध्ये पुन्हा गरम करू नका, त्यात पदार्थ फार सावकाश तापतो. फ्रिजमधून काढलेलं गार सिरॅमिकचं भांडं तापलेल्या कुकरमध्ये ठेवलं तर त्याला तडाही जाऊ शकतो.