वेरूळच्या कैलास लेण्याची छायाचित्रे कशी घ्यावीत
वेरूळच्या लेण्यांची तोंडे पश्चिमेकडे असल्यामुळे सकाळी कैलास लेण्याचा दर्शनी भाग डोंगराच्या सावलीत राहतो. म्हणून दुपारी ३ नंतर, ऊन तिरपे होऊन शिल्पांचा उठाव स्पष्ट दिसू लागतो तेव्हा, तेथे असावे. मंगळवारी लेणी बंद असतात.

खरी अडचण प्रकाशातील तफावतीची आहे. वर लखलखीत आकाश आणि खाली काळसर बेसाल्ट अशी चौकट घेतली, तर एकतर आकाश पांढरेफटक होते किंवा शिल्पे काळवंडतात. यावर सोपा उपाय म्हणजे आकाश चौकटीबाहेर ठेवणे; ते हवेच असेल, तर मोबाइलच्या पडद्यावर उजळ भागाला बोट लावून एक्स्पोजर किंचित कमी करावे आणि सावल्या नंतर संपादनात उजळाव्यात. फ्लॅश मुळीच वापरू नये, कारण समोरून पडणारा प्रकाश कोरीवकामाची खोलीच नाहीशी करतो.

सुमारे ३० मीटर उंचीचे हे मंदिर कड्यात वरून खाली कोरत आणले गेले, हे छायाचित्रातून कळावे असे मला मनापासून वाटते. त्यासाठी लेण्याच्या बाजूने वर जाणारी वाट चढून कड्यावरून छायाचित्र घ्यावे आणि अंगणातून चालणारी एखादी व्यक्ती चौकटीत येऊ द्यावी, म्हणजे भव्यतेचे प्रमाण समजते. पावसाळ्यात मात्र खडक निसरडा होतो, तेव्हा कड्याच्या टोकाशी जाऊ नये.