तीर्थनच्या गार पाण्यात ट्राउट कसा धरावा: मुंबईकर कुटुंबासाठी

मार्चच्या सुरुवातीला हिमाचलमधल्या तीर्थन नदीचं पाणी इतकं गार असतं की मिनिटभर हात बुडवला तर पुढची पाच मिनिटं साधी गाठ मारता येत नाही. ट्राउटचंही तसंच. पाणी गारठलं की त्याची भूक मरते, पण भीती मरत नाही. अशा माशामागे आम्ही दर मार्चमध्ये सहकुटुंब जातो. मी, नवरा, दोन पोरं आणि वरळीच्या खडकांवर आयुष्यभर गरी टाकलेले माझे सासरे, म्हणजे बाबा. पहिल्या दोन खेपांना हात हलवत परत आलो, कारण ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, ‘लांब फेकायला शिका.’ लांब फेकून काहीही होत नाही. मासा बहुतेक वेळा पंधरा-वीस फुटांवरच असतो.

जायचं मार्चमध्येच. हिमाचलमध्ये 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट पकडायला बंदी असते. चंदीगडपर्यंत विमान, पुढे गाडी. मंडी मागे टाकून औटला आलात की बोगद्यात न शिरता बंजारच्या रस्त्याला लागायचं. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढायचा आणि त्यावरचे नियम पोरांनाही वाचून दाखवायचे.

सामान थोडं. नऊ फुटी, चार किंवा पाच नंबरचा (नंबर लाइनच्या, म्हणजे फेकायच्या दोरीच्या, वजनाचा) एक रॉड, बारीक टिपेट, म्हणजे गळ बांधायचा टोकाचा दोरा, आणि मण्याने जड केलेल्या निम्फ, म्हणजे पाण्याखालच्या किड्यासारख्या दिसणाऱ्या, गळावर बांधलेल्या नकली माश्या, चौदा-सोळा नंबरच्या. गळाचा काटा पक्कडीने दाबून टाका. पोराच्या कानात रुतला तर निघेल तरी. रॉड कुटुंबाला एकच पुरे. चार रॉड घेतले की दिवसभर गुंते सोडवत बसावं लागतं. फेकण्याचा सराव इथेच, शिवाजी पार्कात सकाळी सहाला, माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. चेंडू लागला तर चूक आपली.

पाण्यावर अकराच्या आधी जाऊ नका. पहाटे उठून नदीवर धावणाऱ्यांना थंडीशिवाय काही मिळत नाही. ऊन पडून पाणी अंशभर तापलं की मासा हलतो, म्हणून अकरा ते तीन हीच वेळ. आणि उसळत्या पाण्यात शोधू नका. गारठलेला मासा ताकद राखून असतो. तो खोल डोहात, मोठ्या दगडाच्या आडोशाला, वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासतं त्या रेषेवर, तळाशी बसतो.

त्याचं तोंड प्रवाहाकडे असतं, म्हणून आपण मागून, खालच्या अंगाने जायचं, वाकून. पाण्यात प्रकाश वळतो, त्यामुळे उभा माणूस त्याला आपल्या अंदाजापेक्षा बराच आधी दिसतो. दगडावर पाय आपटला तर अंगावरच्या रेषेतून त्याला हादरा कळतो. पोरांना भडक जॅकेट नको.

आता खरी अडचण. मी दोन वर्षं इथेच अडकले होते.

लहानपणी पावसाळ्यात गल्लीतल्या वाहत्या पाण्यात कागदाची होडी सोडली असेल. तिला दोरा बांधून बघा. मोकळी होडी पाण्याबरोबर जाते. दोरा बांधलेली मध्येच तिरपी होऊन आडवी सरकते. तुमची माशी नेमकं हेच करते. आपण आणि मासा यांच्यामध्ये वेगाने वाहणारा पट्टा असतो. तो लाइनला पोट काढतो, लाइन ताणली जाते आणि तळाशी संथ वाहायला हवी ती माशी मोटार लावल्यासारखी पळू लागते. खरा किडा प्रवाहाला आडवा पळत नाही, हे ट्राउटला पक्कं ठाऊक असतं. तो पळत नाही, दचकत नाही, फक्त तोंड उघडत नाही. म्हणून आपल्याला वाटतं, इथे मासाच नाही. मी मासे असलेल्या कितीतरी डोहांना अशी नावं ठेवली आहेत.

उपाय असा. माशासमोर टाकू नका. प्रवाहाच्या वरच्या अंगाला, त्याच्यापासून सहा-सात फुटांवर, तिरपं टाका, म्हणजे माशी त्याच्यापर्यंत येईतो तळ गाठेल. माशी पाण्यात पडताक्षणी रॉडचं टोक उचला, जमेल तेवढी लाइन पाण्यावरून वर धरा. उरलेली लाइन मनगटाच्या हलक्या फिरकीने वरच्या अंगाला पलटा; याला मेंड करणं म्हणतात. हे लाइनला पोट सुटायच्या आधी करायचं. सुटल्यावर पलटलीत तर माशी उडी मारते आणि खेळ संपतो. मग रॉडचं टोक फ्लोटच्या, म्हणजे दोऱ्यावर बांधलेल्या तरंगत्या खुणेच्या, वेगाने खाली नेत राहा, ओढायचं नाही, ढकलायचं नाही.

बरोबर चाललंय की नाही हे ओळखायची एक खूण मला उशिरा सापडली: शेजारून वाहणारा फेस बघा. तळाचं पाणी वरच्यापेक्षा सावकाश चालतं, तेव्हा फ्लोट फेसाच्या किंचित मागे पडला पाहिजे. फेसाच्या पुढे गेला तर माशी ओढली जातेय, पुन्हा टाका.

फ्लोट माशीपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर बांधा. आठ-दहा वेळा टाकून एकदाही तळाला टेकलं नाही, तर शिसं वाढवा. लोक माशी बदलत बसतात. माशी बदलू नका, वजन बदला. मी एका दुपारी अकरा माश्या बदलल्या होत्या. बाराव्या वेळी नुसतं शिशाचा एक मणी वाढवला आणि मासा लागला.

आणि झटका? बाबांची सवय समुद्राची. दोरीवर बोट ठेवायचं, टोच लागली की हिसका. इथे टोच लागतच नाही. गारठलेला ट्राउट माशी तोंडात घेतो आणि आवडली नाही की थुंकतो, बोटाला पत्ता नाही. फ्लोट पळभर थबकतो, इतकंच. तेवढ्यावर रॉड उचलायचा, हिसकायचा नाही. बाबांनी पहिल्या वर्षी दोन टिपेट तोडले आणि दोष दोऱ्याला दिला.

यावर आमच्याकडे धाकटीने तोड काढली. तिला कंटाळा येऊ नये म्हणून फ्लोट बघायचं काम दिलं. माझ्या मागे दगडावर बसून ती हळूच ‘थांबला’ म्हणते आणि मी रॉड उचलते. दहातले सात वेळा तळाचा दगड निघतो. राहिलेल्यांसाठी तिचे डोळे माझ्यापेक्षा तल्लख आहेत. थोरल्याला जाळी द्या आणि बजावा की बोलावल्याशिवाय पुढे यायचं नाही.

मासा आला की हात आधी ओले करा, त्याला पाण्यातच ठेवून गळ काढा, तोंड प्रवाहाकडे करून धरा, सुटेल तेव्हा सुटू द्या. फोटो एकच.

सुती मोजे नकोत, लोकरीचे घाला, एक कोरडी जोडी गाडीत. पोराचे ओठ निळसर दिसले की त्या दिवसापुरती मासेमारी बंद.

शेवटचं, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही: उन्हाने वरचा बर्फ वितळतो, ते पाणी दुपार कलताना खाली पोचतं आणि सकाळी घोट्याएवढा असलेला प्रवाह तेव्हा गुडघ्यावर येऊ शकतो. पोरं बरोबर असताना पलीकडे जाऊच नका. ज्या काठावर मुक्काम आहे त्याच काठाने दिवस काढा. पाणी गढूळलं की गुंडाळा. बाबा मात्र म्हणतात, ‘अजून एक टाकून बघ.’