शिक्षक व्हायचंय? मग एज्युकेशनची डिग्री अशी करा

ग्रॅज्युएशननंतर एज्युकेशनची डिग्री करायचं ठरवलंत ना, मग ॲडमिशन घ्यायच्या आधी नीट विचारून घ्या की प्रत्यक्ष शाळेत किती आठवडे शिकवायला मिळणार आणि तुमचा तास बघून फीडबॅक कोण देणार. जिथे नोकरी करायचीय तिथे ही डिग्री चालते का तेही आधीच बघा, नंतर कळून काय उपयोग.

कोर्स सुरू झाला की मायक्रोटीचिंग अगदी मनापासून करा. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीत ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत काढली, छोटा पाठ, मोजकी मुलं, एकच कौशल्य, मग फीडबॅक आणि तोच पाठ परत. मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो ते बघा. अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना संशोधनात दिसलं की शिक्षक साधारण १ सेकंदच थांबतात, ३ सेकंद थांबलं तर मुलं जास्त सविस्तर उत्तरं देतात आणि एरवी गप्प बसणारीही बोलायला लागतात, मला तर हीच सगळ्यात महत्त्वाची सवय वाटते.

लेसन प्लॅनमध्ये तासाच्या शेवटी मुलांना काय जमायला हवं ते आधी लिहा, ॲक्टिव्हिटी नंतर ठरवा.