घरसभेत बदली प्रायश्चित्त शिकवताना

बदली प्रायश्चित्त म्हणजे आपल्या पापाची शिक्षा आपल्या जागी ख्रिस्तानं भोगली ही शिकवण. खानदेशात हा धडा घेताना पहिली अडचण येते ती नवसाची. नंदुरबार-धुळ्याकडच्या पाड्यांवर ‘बळी’ म्हटलं की ऐकणाऱ्याला नवसाचा बोकड आठवतो: माणूस देतो, देव राजी होतो. ख्रिस्ताचं मरण याच हिशेबात बसलं की पुढचं सगळं उलटं शिकलं जातं. म्हणून क्रुसापासून सुरुवात करू नका, बायबलमधलं लेवीय 16 उघडा.

तिथं बोकड दोन. एक कापतात, दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक अहरोन दोन्ही हात ठेवून लोकांची पापं कबूल करतो आणि त्याला रानात सोडून देतात. एवढं वाचून झालं की अहिराणीतच विचारा, ‘बकरा कोना?’ (बोकड कुणाचा?) उत्तर ‘लोकांचा’ असं येईल, आणि पाचव्या वचनात तसंच आहे. मग लगेच लेवीय 17:11 घ्या. प्रायश्चित्तासाठी वेदीवर रक्त ‘मी’ तुम्हाला दिलंय, असं देव म्हणतो. त्याला जोडून रोमकरांस 8:32, तिथं तो स्वतःचाच पुत्र देतो. या तीन जागांवर निम्मा वेळ गेला तरी जाऊ द्या. देणारा देवच, हे इथं पक्कं झालं की देवाच्या सार्वभौमत्वाचा, म्हणजे सगळं त्याच्याच हाती असण्याचा, निम्मा धडा झालाच.

मग यशया 53:4-6. ‘आमचे’ आणि ‘त्याच्यावर’ हे शब्द सावकाश, मोठ्यानं वाचायला लावा.

दुसऱ्याची शिक्षा भोगणं समजवायला न्यायाधीशाचं उदाहरण देतात, ते जपून. गुन्हेगाराला सोडून भलत्याच निरपराधाला फाशी, असं लोक ऐकतात, आणि त्याला अन्याय म्हणतात ते बरोबरच. योहान 10:18 (पुत्र आपण होऊन प्राण देतो) आणि 2 करिंथकरांस 5:19 (ख्रिस्तात देव स्वतःच होता) जोडल्याशिवाय ते काढूच नये.

निवडीचा, म्हणजे तारणासाठी देव माणसं निवडतो हा, विषय शेवटी. रोमकरांच्या पत्रातही क्रूस तिसऱ्या अध्यायात येतो, निवड आठव्या-नवव्यात. आधी घेतली तर ‘कपाळी असेल ते होईल’ म्हणून माणसं मोकळी होतात. त्यावर प्रेषितांची कृत्ये 2:23: एकाच वचनात देवाचा ठरलेला संकल्प आणि मारणाऱ्यांचा दोष. ‘माझी निवड झालीय का?’ असं कुणी विचारलं तर योहान 6:37 पूर्ण वाचा. पिता देतो ते येतात, आणि येणाऱ्याला तो घालवत नाही. भांडणारे बहुधा अर्धंच वाचतात.

ख्रिस्त सर्वांसाठी मेला की निवडलेल्यांसाठी, हा वाद 1618-19 च्या डॉर्ट परिषदेतही (नेदरलँड्समधली प्रोटेस्टंट मंडळ्यांची सभा) गाजला. दोन मंडळ्यांची माणसं बसली असतील तर तो दुसऱ्या दिवसावर ठेवा. दिवसभर कापूस वेचून आलेली माणसं तासाच्या वर बसत नाहीत.