जुन्या गाडीचा पेट्रोलकाटा: टाकी उघडण्याआधी आणि उघडल्यावर

तीन वर्षं मी गाडीतलं पेट्रोल लाकडी पट्टीनं मोजत होतो. नशिबानं भरायची नळी सरळ आहे. पट्टी आत सोडायची, वर काढायची आणि ओल उडून जायच्या आत खूण वाचायची. डॅशबोर्डवरचा काटा मात्र कायम रिकाम्यावर झोपलेला. गाडी साठच्या दशकातली ब्रिटिश, टाकी डिकीखाली आणि सेंडर, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजून काट्याला कळवणारा भाग, टाकीच्या बाजूच्या पत्र्यात. ज्याला विचारावं तो म्हणे, "सेंडर गेला, नवा टाक." टाकला. काटा हलला नाही. पुन्हा उतरवला, पुन्हा बसवला, पुन्हा हात पेट्रोलनं पांढरे पडले. दोष निघाला टाकीच्या बाहेर. टाकी रंगवताना तिच्या बोल्टांच्या कानांवरही मी हौसेनं दोन हात रंग मारला होता, त्यामुळे टाकीला अर्थच (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी विजेचा जोड) मिळत नव्हता.

म्हणून आधी बाहेरचं तपासा. टाकी कुठे पळून जात नाही.

यातली यंत्रणा साधी आहे. सेंडरमध्ये फायबरच्या पट्टीवर बारीक रोधाची (रेझिस्टन्सची) निक्रोम तार गुंडाळलेली असते आणि तिच्यावरून एक छोटी पत्री सरकते. पत्रीला दांडी, दांडीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा किंवा बूच. पेट्रोल चढलं की फ्लोट चढतो आणि रोध बदलतो. डॅशबोर्डवरच्या मीटरकडून आलेला करंट या तारेतून जाऊन सेंडरच्या धातूतून टाकीत, टाकीतून गाडीच्या सांगाड्यात उतरतो. या वाटेत कुठेही गंज, रंग किंवा ढिला बोल्ट आला की त्याचा रोध सेंडरच्या रोधात मिसळतो आणि काटा खोटं सांगतो. दिवे लावल्यावर काटा जागा बदलत असेल तर अर्थवर संशय घ्यायलाच हवा.

पहिली तपासणी अशी. सेंडरची वायर काढा, ती कशालाही टेकू देऊ नका आणि मग चावी फिरवा. माझ्यासारख्या गाडीत काटा रिकाम्यावर राहायला हवा. चावी बंद करा, ती वायर 22 ओहमच्या रेझिस्टरमधून सांगाड्याला जोडा, चावी पुन्हा चालू करा. काटा हळूहळू भरलेल्याकडे जायला हवा. थेट अर्थ केली तरी काटा चढतो, पण या जातीच्या मीटरमध्ये तापून वाकणारी पट्टी असते आणि जास्त वेळ पूर्ण करंट दिला तर ती कायमची बिघडू शकते. काटा चढायला अर्धा मिनिट घेईल, तेवढा धीर धरा. सगळी जोडाजोडी चावी बंद असताना करा, म्हणजे टाकीशेजारी ठिणगी पडणार नाही.

काटा नीट चढला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक. मग वायर सेंडरला परत जोडा आणि दुसऱ्या एका वायरनं सेंडरची टाकीवर बसणारी धातूची चकती थेट सांगाड्याच्या उघड्या पत्र्याला जोडा. काटा जागा झाला तर दुखणं अर्थचं. मी हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर दहा मिनिटांत सुटलो असतो. आता माझ्या गाडीत चकतीपासून सांगाड्यापर्यंत कायमची वेगळी वायर आहे, आणि नवा सेंडर बसवणाऱ्या प्रत्येकानं ती टाकावी असं माझं ठाम मत आहे.

पेट्रोलचा आणि पाण्याच्या तापमानाचा असे दोन्ही काटे एकदमच चुकत असतील तर सेंडरकडे बघूच नका. डॅशबोर्डमागे व्होल्टेज स्टॅबिलायझरची छोटी डबी असते. या ब्रिटिश गाड्यांत ती बॅटरीचा व्होल्टेज चालू-बंद करत सरासरी 10 व्होल्ट देते. डिजिटल मल्टिमीटरवर आकडा नाचताना दिसेल, तो दोष नव्हे. डबीच्या स्वतःच्या अर्थखालीही बऱ्याचदा गंज सापडतो.

एवढं करून बोट सेंडरकडेच वळलं तर टाकी उघडायची. काम उघड्या हवेत करा, गाडी खड्ड्यावर घेऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साठते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हीटर, ग्राइंडर, तारेचा दिवा काहीही आसपास नको. सेंडर टाकीच्या माथ्यावर असेल तर पेट्रोल थोडं कमी केलं तरी चालतं. माझ्यासारखा बाजूला असेल तर पातळी भोकाच्या पुरेशी खाली जाईपर्यंत पेट्रोलसाठीच बनवलेल्या कॅनमध्ये काढून घ्या.

सेंडर पाच-सहा स्क्रूंनी किंवा तीन कानांच्या फिरत्या रिंगनं धरलेला असतो. आधी कडेचा चिखल ब्रशनं झाडा, नाहीतर तो सगळा टाकीत जातो. रिंग फिरवायला पितळेचा किंवा कडक लाकडाचा ठोकळा आणि हलकी हातोडी. पोलादी छिन्नी ठिणगी उडवते, तिथे ती नकोच. सेंडर सरळ ओढू नका. दांडी आत आडवी असते, ती थोडी वळवत, थोडी तिरकी करत बाहेर निघते. त्याआधी चकतीवर आणि टाकीवर मिळून एक खूण करा, म्हणजे बसवताना दांडी वर की खाली हा घोळ होत नाही. बाहेर काढल्यावर भोक लगेच झाका.

आता सेंडर टाकीपासून दूर नेऊन कोरडा करा आणि मल्टिमीटर लावा, एक टोक वायरच्या खुंटीला, दुसरं चकतीला. दांडी अगदी सावकाश फिरवा. माझ्यात रिकाम्याला 240 ओहमच्या आसपास, मध्यावर 68 आणि भरलेल्याला 20 असा आकडा येतो. मध्येच उडी दिसली तर तिथे तार झिजली आहे. यासाठी मला काट्याचा जुना मल्टिमीटर जास्त आवडतो, कारण उडी क्षणभराची असली तरी त्याचा काटा थरथरतो. डिजिटलवर ती निसटून जाते.

नुसता मळ असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ खोडरबर पुरे. पॉलिश पेपर लावू नका, केसाएवढी तार आहे ती. एकाच रेषेत तार घासली असेल तर सरकणारी पत्री अगदी किंचित बाजूला वाकवा, म्हणजे ती ताज्या जागेवर टेकते. तार तुटली असेल तर मात्र नाद सोडा. निक्रोमवर सोल्डर सहज धरत नाही.

फ्लोट पितळेचा असेल तर कानाजवळ हलवून बघा. आतून "चुळुक" असा आवाज आला तर त्यात पेट्रोल शिरलं आहे. बारीक भोक शोधायला तो दुसरीकडे तापवून आणलेल्या गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे जागा दाखवतात. भोक बुजवायचं असेल तर आतला शेवटचा थेंब आणि वाफही निघून गेली पाहिजे, कारण पेट्रोलची वाफ भरलेला फ्लोट म्हणजे छोटा बॉम्बच. शिवाय बंद फ्लोट तापला की आतली हवा फुगून ओलं सोल्डर बाहेर फेकते, म्हणून दुसरं भोक पाडून ते थंड झाल्यावर शेवटी बुजवावं लागतं. एकदा केलं, पुन्हा करणार नाही. नवा फ्लोट नुसता दांडीत अडकतो. जुना बुचाचा फ्लोट असेल तर तोही बदलाच, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्याच्यावरचा जुना लेप खातं.

नवा सेंडर घेताना दिसण्याला भुलू नका, रोध बघा. जनरल मोटर्सच्या 1965 नंतरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत रिकाम्याला 0 आणि भरलेल्याला 90 ओहम असतात, म्हणजे माझ्या गाडीच्या बरोबर उलटं. तिथे वायर अर्थ केली की काटा रिकाम्यावर जातो. त्याच काळातल्या बऱ्याच फोर्ड गाड्या 73 वरून 10 वर येतात. चुकीचा सेंडर बसतो व्यवस्थित, पण काटा उलटा चालतो किंवा अर्ध्यावर अडकतो.

बसवण्याआधी एक पायरी चुकवू नका. टाकीचं भोक झाकलेलं असतानाच सेंडर लांब वायरनं गाडीला जोडा, चकती अर्थ करा, बॅटरी लावा आणि दांडी हातानं तळाशी, मध्यावर, माथ्यावर धरून काटा बघा. प्रत्येक ठिकाणी मिनिटभर थांबा. फरक थोडा असेल तर दांडी पकडीनं हलकेच वाकवता येते, फक्त पत्रीवर ताण जाऊ देऊ नका. मग बॅटरी पुन्हा काढा.

गॅस्केट नवं आणि पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं घ्या. साधा सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतो. स्क्रू असतील तर समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. फ्लोट आतल्या आडपडद्याला किंवा पेट्रोल ओढायच्या नळीला घासत नाही ना, हे टाकी पूर्ण बंद करण्याआधी बोटानं चाचपून घ्या.

मग काढलेलं पेट्रोल पाच-पाच लिटर करून परत ओता आणि दरवेळी काटा कुठे थांबतो ते कागदावर लिहा. माझा काटा रिकाम्यावर टेकतो तेव्हा टाकीत अजून जवळपास सहा लिटर असतात, आणि मी तो तसाच ठेवला आहे. शेवटी टाकी तोंडापर्यंत भरून रात्रभर सेंडरखाली कोरडा पांढरा कागद ठेवा. बाजूचा सेंडर गळत असेल तर पेट्रोलची पातळी त्याच्या वर गेल्यावरच गळतो. पेट्रोल उडून जातं, पण कागदावर पिवळसर कडा मागे राहते.