गुडघ्याखालची उशी आधी काढा

गुडघा बदललेल्या पेशंटच्या घरी व्यायाम द्यायला गेले की माझी पहिली नजर उशीवर जाते. ठणका कमी वाटतो म्हणून घरचे प्रेमाने गुडघ्याखाली उशी सरकवतात, आणि गुडघा वाकलेलाच आखडतो. ती काढा. टॉवेलची गुंडाळी टाचेखाली घ्या, गुडघा अधांतरी राहू दे. आता मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबा, पाच अंक मोजा, सोडा. असं दहादा, दिवसातून तीन-चार वेळा. वाटी मांडीकडे सरकताना दिसली की समजा, जमलं.

"अहो, कालच ऑपरेशन झालंय, आज कशाला उठवता?" हे हमखास ऐकावं लागतं. बोलणाऱ्याच्या डोक्यात जुनं ऑपरेशन असतं. आणखी जुनं सांगू? १८९० मध्ये बर्लिनला ग्लुक नावाच्या सर्जनने हस्तिदंताचा गुडघा बसवला होता, चक्क दाराच्या बिजागरीसारखा! पुढे बिजागऱ्या धातूच्या झाल्या, पण त्या सैल व्हायच्या. कारण खरा गुडघा नुसता वाकत नाही, वाकताना घसरतो आणि थोडा वळतोही. १९७४ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये इन्सॉल, रानावत आणि वॉकर यांनी बिजागरीच काढून टाकली. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातू, नडगीच्या टोकावर प्लास्टिक. आजचे सांधे त्याच वळणाचे. याच रानावतांनी २००० मध्ये मुंबईत ब्रीच कँडीला वाजपेयींचा गुडघा बदलला. आता हाड किती कापायचं याची मापं घ्यायला रोबोही आलाय, आणि दुखणं आवरायची औषधं सुधारल्यामुळे पेशंट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभा राहतो. वाकवायचं काम मात्र कुठलाच रोबो करत नाही.

ते असं करा. खुर्चीत बसा, पावलाखाली प्लास्टिकची पिशवी ठेवा आणि पाऊल मागे सरकवत न्या. ताण जाणवला की थांबा, दोन श्वास घ्या, मग तसूभर आणखी. बर्फ नंतर, फडक्यात गुंडाळून, पंधरा मिनिटं. टाके ओले होऊ देऊ नका.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. माझ्या एका आजींनी हे "चांगला स्वर्गात, वाईट नरकात" असं पाठ केलं होतं.

पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला, तर व्यायाम थांबवून लगेच सर्जनला फोन करा. छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर फोनच्या नादी न लागता थेट हॉस्पिटल गाठा.