संवाद लिहिताना ऐकणाऱ्याकडे पाहावे
कथेतील बोचरे वाक्य कितीही घासूनपुसून लिहिले, तरी ऐकणाऱ्यावर त्याचा परिणाम दिसल्याशिवाय ते वाचकाला लागत नाही. रावेरच्या केळीबागेत व्यापारी म्हणाला, “नाना, यंदा माल हलका आहे,” तर लगेच ‘नानांना राग आला’ असे लिहू नये; नानांनी काही न बोलता कापलेला घड पुन्हा पानांवर नीट ठेवला आणि चहा सांगायला निघालेल्या मुलाला हाक मारून परत बोलावले, एवढे पुरेसे आहे. एरवी अहिराणीत बोलणारे नाना त्यानंतर प्रमाण मराठीत बोलू लागले, तर दुरावा अधिकच जाणवेल (ही युक्ती मात्र एका कथेत एकदाच शोभते). प्रत्येक वाक्याला अशी प्रतिक्रिया जोडू नये. जिथे नाते किंवा व्यवहार बदलतो, तिथेच ती द्यावी.